पाऊस थांबत नाही आणि घर गळतंय: काय करायचं, काय टाळायचं

२०२५ साली मान्सून मुंबईत २६ मेला पोचला. नेहमीची तारीख ११ जून. गच्चीची डागडुजी, कौलं चाळणं, पन्हळी साफ करणं ही मेच्या अखेरीस ठेवलेली कामं त्या वर्षी कित्येक घरांत राहूनच गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात धाराशिव, बीड आणि सोलापूरकडे, जिथे घरं एवढ्या पावसासाठी बांधलेलीच नाहीत, तिथे गावंच्या गावं पाण्यात उभी होती. अशा हंगामात माणूस घाबरून भर पावसात पक्की दुरुस्ती करायला जातो. ओल्या भिंतीवर पुट्टी मारतो, भिजलेल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा रंग लावतो आणि दिवाळीपर्यंत ते सगळं पापुद्र्यासारखं सुटून येतं.

पावसात करायचं काम वेगळं असतं. माणसं सुरक्षित ठेवायची, पाण्याला घराबाहेर जायची वाट द्यायची आणि ते नेमकं कुठून शिरतंय याची नोंद ठेवायची. पक्कं काम कोरड्या दिवसांत. हा क्रम पाळला तर खर्च वाचतो, कारण चुकीच्या जागेची दुरुस्ती टळते.

आधी वीज, मग छत

स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप पुरलेले असतात. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी त्या पाइपांतून वाहत जाऊन पंख्याच्या हुकाजवळ, दिव्याच्या पॉइंटला किंवा थेट स्विचबोर्डात उतरतं. तिथून एक थेंब जरी पडताना दिसला तरी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला त्या खोलीची वीज तोडणारा खटका) पाडा आणि ती जागा वाळेपर्यंत चालू करू नका. पंखा "फिरतोय ना अजून" हा काही पुरावा नाही.

आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा आणि बरेच जण अजून ज्याला ईएलसीबी म्हणतात तो खटका, घरात असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का पाहा. माणसाच्या जिवासाठी तो ३० मिलीअँपिअरचा असायला हवा. पावसात तो वारंवार पडत असेल तर तो बहुधा बिघडलेला नाही, आपलं काम करतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर तो पडेल त्या सर्किटमध्ये ओल आहे. तेवढं बंद ठेवून बाकीचं घर चालवता येतं. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल तर दोष न्यूट्रलमध्ये किंवा बोर्डातच असू शकतो. तिथे वायरमनच हवा. आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देणारा वायरमन मात्र घरात घेऊ नका.

आता छत. ओल आत गेली की सळया गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो आणि पोपडे सुटतात. लाकडी दांड्याने छत हलकेच ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे. त्याखालचा पलंग, पाळणा, टीव्ही आधी हलवा. सुटलेला गिलावा बाजूला उभं राहून लांब बांबूने पाडून टाकलेला बरा, रात्री अंगावर पडण्यापेक्षा. पण हे फक्त गिलाव्यापुरतं. सळई उघडी पडून तिचे थर निघत असतील, तुळईला तडा असेल, खांबावर उभी चीर असेल किंवा दारं अचानक अडकायला लागली असतील, तर ती खोली रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे. ते झालंय का, हे सोसायटीला लेखी विचारा.

फॉल्स सीलिंग फुगून खाली आलं असेल तर वर पाणी साचलंय. वीज बंद करा, खाली बादली ठेवा आणि फुगवट्याच्या सर्वात खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरने एकच छोटं भोक पाडा. पाणी धारेने उतरेल. तसंच ठेवलंत तर अख्खा बोर्ड कोसळतो. साध्या स्लॅबमधून गळत असेल आणि थेंबांचे शिंतोडे खोलीभर उडत असतील, तर जिथून थेंब पडतो तिथे सुती दोऱ्याचं एक टोक टेपने चिकटवा आणि दुसरं बादलीत सोडा. पाणी दोऱ्यावरून गुपचूप खाली येतं.

पाणी किती वेळाने येतं ते लिहून ठेवा

डाग दिसतो तिथे दोष असतो, असं समजणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. पाणी स्लॅबवरच्या कोब्याखालून (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), सळयांच्या कडेने, पाइपांतून चारपाच मीटर सरकून मग खाली उतरतं. त्यामुळे जागेपेक्षा वेळ जास्त खरं सांगते. भिंतीवर पेन्सिलने डागाची कड आखा, तारीख-वेळ लिहा, फोटो काढा.

पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ओल दिसली तर वाट थेट आहे: खिडकीची चौकट, भिंतीतली चीर, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, बाहेरचा फुटका पाइप. काही तासांनी येऊन पाऊस थांबल्यावरही दोनतीन दिवस ठिबकत राहिली तर पाणी गच्चीच्या कोब्यात साठलंय. विटांच्या तुकड्यांचा तो थर पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. वारा असेल तेव्हाच ओल येते आणि सरळ पावसात येत नाही, तर दोष भिंतीत आहे, गच्चीत नाही. आणि पावसाशी काहीच संबंध नसेल, उघडीप असतानाही डाग तेवढाच राहत असेल, तर नळाची लाइन किंवा वरच्या मजल्याची मोरी तपासा.

मोरी तपासायला जाळीत ओला कपडा घट्ट कोंबा, जमिनीवर बोटभर पाणी भरा, त्यात रांगोळीचा गडद रंग घाला आणि २४ तास थांबा. खाली रंगीत ओल उतरली की वाद संपला. नळाच्या लाइनसाठी रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची रेघ आखा आणि पहाटे, कुणी पाणी वापरायच्या आत, पाहा.

खालून वर चढत गेलेली, जमिनीपासून दोनतीन फुटांपर्यंतची आडवी ओल ही पायातून शोषलेली असते. कोपऱ्यांत, कपाटामागे पसरलेले काळे ठिपके बऱ्याचदा गळतीचे नसतातच. खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर निवते. खात्री करायची असेल तर ३० सेंटिमीटर बाजूचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून दवासारखे थेंब असतील तर हवेतून. पहिल्याला बाहेरचं काम लागतं, दुसऱ्याला फक्त हवा खेळती ठेवावी लागते.

गच्ची

पहिलं काम पैशाचं नाही, हातांचं आहे: पाणी जायची भोकं मोकळी करणं. ५० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी साचलं तर वजन ५ टन होतं. पाला, प्लास्टिकच्या पिशव्या, कबुतरांची पिसं एवढ्यावर भोक बंद होतं. सपाट जाळी लगेच तुंबते. घुमटासारखी उंच जाळी बसवा. भोक मोकळं असूनही पाणी उतरत नसेल तर खालचा पाइप भरलेला आहे. वरून बांबू ढोसून तो आणखी घट्ट होतो. खालच्या टोकाकडून उघडा. गच्चीवर कुंड्या असतील तर विटांवर उचलून ठेवा. कुंडीखाली पाणी मुरत राहतं आणि मुळं थेट कोब्याच्या चिरांत शिरतात.

ताडपत्री घालणार असाल तर पातळ निळी घेऊ नका. १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची) ताडपत्री जुलैच्या वाऱ्यात लवकर फाटते. किमान २०० ते २५० जीएसएमची घ्या. ती फक्त चिरेवर पसरून उपयोग नाही, पाणी कडेने आत शिरून खालीच अडकतं. उंच बाजूच्या कठड्यावरून बाहेर दीड-दोन फूट खाली सोडा, मधे बांबूची चौकट देऊन उतार करा आणि खालची कड पाण्याच्या भोकापर्यंत आणा. खोलगट भाग राहिला तर तिथे पाणी साचून झोळी होते आणि ताडपत्री फाटते. कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. कठड्यावर सुट्या विटा कधीच नको, वाऱ्याच्या झटक्यात त्या खाली कुणाच्या तरी डोक्यावर जातात.

दोनतीन मोठ्या चिरा स्पष्ट दिसत असतील आणि पाच-सहा तासांची उघडीप मिळणार असेल, तर दोन घटक मिसळून करायचं सिमेंट-पॉलिमरचं लेपन चालतं. पावडर आणि द्रव पुडीवरच्या प्रमाणात मिसळा, चीर तारेच्या ब्रशने खरवडा, साचलेलं पाणी पुसून घ्या आणि पृष्ठभाग नुसता ओलसर असताना एक हात द्या; त्यात फायबरची जाळी दाबा आणि तो आवळला की आडवा दुसरा हात. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतंच, म्हणून ओलसरपणा त्याला सोसतो. नुसता ॲक्रिलिकचा वॉटरप्रूफिंग रंग मात्र पाणी उडून गेल्यावरच घट्ट होतो. तो भिजल्या गच्चीवर लावला की फुगे येतात. दुकानदार दोन्ही डबे एकाच वाक्यात विकतो, म्हणून डब्यावर "दोन घटक" लिहिलंय ना ते बघून घ्या.

कठडा किंवा टाकीच्या भिंतीतून धार लागली असेल तर झटपट आवळणारं सिमेंट मिळतं, त्याला बाजारात वॉटर प्लग म्हणतात. चीर छिन्नीने दोन-अडीच सेंटिमीटर खोल करा, तोंडाशी निमुळती नको, आत रुंद. हातात रबरी मोजे घालून लिंबाएवढा गोळा मळा, तो कोमट लागायला लागला की दाबा आणि तीन ते पाच मिनिटं हात काढू नका. एका वेळी मूठभरच कालवा, उरलेलं डब्यातच दगड होतं.

आता सर्वात महत्त्वाचं. गळणारं छत खोलीच्या बाजूने बंद करू नका. आतून लावलेल्या लेपाला पाणी मागून ढकलतं, म्हणून तो सुटतोच. आणि समजा सुटला नाही, तर पाणी स्लॅबमध्ये कोंडून सळया अधिक वेगाने गंजतात. खालून भोकं पाडून पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे पाण्याशी आला की फुगणारा द्रव) इंजेक्शन देणारे पावसाळ्यात दारोदार येतात. धार थांबवायला ते काम करतं हे खरं, पण वरची वाट उघडीच असते आणि पाणी पुढच्या खोलीत निघतं. तळघर, लिफ्टचा खड्डा अशा बाहेरून हात पोचत नाही तिथेच ते वापरावं.

खिडक्या आणि पावसाकडची भिंत

मुंबई आणि कोकणात पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी भिजतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची खालची पट्टी पाण्याने भरून आत सांडत असेल, तर बाहेरच्या बाजूला पाणी जाण्याची जी बारीक खाच असते ती मातीने बुजलेली असते. तारेने मोकळी करा. खाच नसेलच तर फॅब्रिकेटरकडून बाहेरच्या पट्टीत ६ मिलिमीटरची दोन भोकं पाडून घ्या. बऱ्याच "खिडकीच्या गळत्या" एवढ्यावर थांबतात.

चौकट आणि भिंतीच्या फटीत जुनं सिलिकॉन सुटलेलं असेल तर ते पूर्ण कापून काढा. जुन्यावर नवं धरत नाही. फट कोरडी करायला हेअर ड्रायर वापरा आणि न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन बाहेरच्या बाजूने भरा. व्हिनेगरचा वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन सिमेंटला धड चिकटत नाही. खिडकीखालचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट आत कलला असेल तर या हंगामात त्यावर पत्र्याची तिरकी पट्टी ठोका, उतार नंतर बदला. एसीचं भोक आत उतरतं असेल तर पाइपाला बाहेर खाली झुकणारा बाक द्या, म्हणजे पाणी पाइपावरून आत येण्याऐवजी बाकावरून टपकून जाईल.

कौलं आणि पत्रे

ओल्या कौलांवर चढू नका. शेवाळ आणि कुजलेली रीप दोन्ही दगा देतात. मंगलोरी कौल फुटलं असेल तर ते माळ्यावरून, आतूनच बदलता येतं: वरचं कौल हाताने थोडं उचलून धरायचं, फुटलेलं खाली ओढून काढायचं, नवं सरकवून त्याची नखं रिपेत अडकवायची आणि वरचं सोडायचं. आत जिथे पडतंय त्याच्या वरच्या, आढ्याकडच्या दोनतीन ओळी तपासा, कारण पाणी वाशावरून घरंगळत खाली येऊन मग पडतं. कौल मिळत नसेल तर फुटक्या कौलाखाली जाड प्लास्टिक किंवा पत्र्याचा तुकडा असा घाला की त्याची वरची कड वरच्या ओळीच्या कौलाखाली जाईल आणि खालची कड खालच्या कौलावर येईल. उलटं झालं तर ते पाणी आतच ओततं. दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ पाल्याने भरली की पाणी बाजूच्या कौलांखाली शिरतं. कोकणात फुटकी कौलं शोधत बसण्याआधी ही पन्हळ बघा.

पत्र्याला गळती बहुतेक वेळा बोल्टच्या वॉशरपाशी असते. डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतात. ईपीडीएम रबराचे बसवा आणि बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावरच असू द्या, खोलगट भागात नाही. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, तो सूचना न देता फुटतो. आडवी फळी टाकून तिच्यावरूनच हालचाल करा.

माळवदाची घरं

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवद किंवा धाबं असलेली जी घरं अजून उभी आहेत, त्यांना संततधार सर्वात धोक्याची. लाकडी तुळया आणि त्यांवरच्या किलच्यांवर (आडव्या बारीक लाकडांवर) पांढऱ्या मातीचा थर असतो. दर १० सेंटिमीटर जाडीची माती भिजली की चौरस मीटरला १८० ते २०० किलो वजन होतं, आणि दर वर्षी गळतंय म्हणून वर नवी माती टाकत गेल्याने कित्येक माळवदांवर ती एक-दीड फूट साठलेली असते. भर पावसात आणखी माती टाकणं म्हणजे वजन वाढवणं. त्याऐवजी कडेच्या लाकडी शिडीवरून ताडपत्री सरकवून पसरा, वर माणसं नाचवू नका. गवत उपटू नका, मुळांबरोबर माती उकलते, कापा. पाण्याची पन्हाळी मोकळी करा.

आत तुळईच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना, जिथे ती भिंतीत शिरते आणि वाळवी सर्वात आधी लागते, तिथे बल्लीचे टेकू द्या. खाली जाड फळी, वर फळी, आणि पाचरी ठोकून घट्ट. नुसती उभी केलेली बल्ली मातीत रुतते. भिंतीचा पाया दगडी असून वर माती असेल तर बाहेरून पाणी तुंबणार नाही अशी फूटभर दूर चर काढा. छतातून माती भुरभुरू लागली, लाकूड करकरलं, भिंत पोटातून फुगली, तर सामान न आवरता बाहेर पडा. ही घरं पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावरही पडतात: भिजलेली भिंत वाळताना आकसते आणि चिरते. त्यामुळे उघडीप मिळाली म्हणून लगेच आत झोपायला जायचं नाही.

पुराचं पाणी घरात

२०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तळमजल्यांच्या घरांत जे पाणी आलं, त्यासारख्या पुरात दारातून येण्याआधी पाणी संडास आणि मोरीतून वर येतं. पोत्यात किंवा जाड पिशवीत अर्धी वाळू भरून ती पॅनच्या तोंडात दाबून बसवा. पूर्ण भरलेली पिशवी आकार घेत नाही. मोरीच्या जाळीवरही तशीच. मेन स्विच पाणी यायच्या आत बंद करा, पाण्यात उभं राहून नाही. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा आणि दोरीने बांधा, नाहीतर तो तरंगतो. गॅसच्या वासासाठी १९०६, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७, मुंबईत १९१६.

पाणी ओसरताना गाळ ओला असतानाच झाडून, ढकलून काढा. दोन दिवसांनी तो फरशीला आणि भिंतीला सिमेंटसारखा धरतो. गमबूट आणि रबरी मोजे घाला. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) औषधाबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. आधी साबणाने धुवा, मग जंतुनाशक: ४ लिटर पाण्यात साधारण २४० मिलिलिटर घरगुती ब्लीच (सुमारे ५ टक्के), दहा मिनिटं ठेवून पुसा. ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड किंवा फिनाइल मिसळू नका. ॲसिडबरोबर विषारी क्लोरीन वायू निघतो.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटर, इन्व्हर्टर वाळले म्हणून चालू करू नका. आत गाळ असतो. उघडून साफ केल्यावरच. प्लायवुडचं कपाट कधीकधी वाचतं, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ कधीच नाही, त्यावर वेळ घालवू नका. भिजलेल्या कापसाच्या गाद्याही टाकून द्या.

जमीन पाण्याने भरलेली असताना सेप्टिक टँक किंवा जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून ठेवू नका, भोवतीचं पाणी तिला वर ढकलतं किंवा भिंत आत दाबतं. तळघरातलं पाणीही त्याच कारणाने दिवसाला साधारण एक तृतीयांश एवढंच काढा. जमिनीखालची टाकी भोवतालचं पाणी उतरल्यावर घासून, ब्लीचने धुऊन भरा. पिण्याच्या स्वच्छ पाण्याला १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, ढवळून तासभर थांबा. गढूळ पाण्यात ही मात्रा पुरत नाही, आधी निवळू द्या. शंका असेल तर उकळा.

वाळवणं आणि बुरशी

जुलैत बाहेरच्या हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते. पाऊस पडत असताना खिडक्या उघड्या ठेवल्याने भिंत वाळत नाही, उलट भिजते. पावसात खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर. उघडीप आणि ऊन असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा. कूलर अजिबात नाही. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.

बुरशी कोरडी झाडू नका, तिचे कण घरभर उडतात. एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच टाइल्सवर चालतं, गिलाव्यात मात्र खोल जात नाही. ओल तशीच असेल तर आठवड्यात बुरशी परत. पांढरा, मिठासारखा थर म्हणजे लोणा. तो उलट पाण्याने धुवायचा नाही, क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून केरात टाका.

पंचनामा, विमा, सोसायटी

साफसफाईच्या आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक भिजलेली वस्तू, तिच्यावरचा क्रमांक. गावात ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठी) लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि पंचनाम्यावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा. सरकारी मदतीत अंशतः पडलेल्या घरासाठी किमान १५ टक्के नुकसानीची अट असते, म्हणून "घराचे नुकसान" एवढंच न लिहिता कुठली भिंत, किती फूट, किती छत, हे लिहून घ्या. गोठा पडला असेल तर तो वेगळा नोंदवा.

घरविमा असेल, उदाहरणार्थ १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी भारत गृह रक्षा पॉलिसी, तर पूर, वादळ, दरड यांचं नुकसान त्यात बसतं. वर्षानुवर्षं मुरलेल्या ओलीचं नाही. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत खराब वस्तू टाकू नका. टाकाव्याच लागल्या तर फोटो आणि यादी ठेवा.

सोसायटीत गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपांची गळती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या सदनिकेच्या मोरी-संडासातून येणारी त्या दोन सभासदांनी. म्हणूनच वर सांगितलेली रंगीत पाण्याची चाचणी आणि वेळेची नोंद कामाची. पत्र पावसातच द्या, फोटोंसह. ऑक्टोबरात डाग वाळला की कुणालाच काही आठवत नाही.

पक्कं काम

ऑक्टोबरच्या अखेरीपासून सुरू करा. गच्चीवर जुना कोबा असेल तर त्यावर दुसरा कोबा ओतू देऊ नका. ११ सेंटिमीटरचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो आणि जुनी इमारत तेवढ्यासाठी मोजलेली नसते. जुना काढा, स्लॅबच्या चिरा इंग्रजी व्हीसारख्या खाचून पॉलिमर मॉर्टरने भरा, पाण्याच्या भोकाभोवती आणि कठड्याच्या सांध्यात गोलाई करा, कारण गळती सपाटीपेक्षा या दोन जागांतूनच जास्त होते. लेपन, मग १०० ला १ असा किमान उतार देत कोबा. कोबा सात ते दहा दिवस पाण्याखाली भिजत ठेवा आणि तेच पाणी चाचणी समजून खालच्या खोल्या रोज बघा. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्या. "गॅरंटी दहा वर्षांची" हे तोंडी नको; गळती झाल्यास किती दिवसांत येणार, तेही कागदावर घ्या.

आतला रंग सर्वात शेवटी. विटांची भिंत साधारण इंचाला एक महिना या गतीने वाळते, त्यामुळे नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी तिला चारपाच महिने लागतात. फेब्रुवारीत पुन्हा तो ३० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चौकोन चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून कोरडा निघाला तर पुट्टीवाल्याला बोलवा. थेंब दिसले तर आणखी महिनाभर भिंत उघडीच राहू द्या.